रात्री धड असलेली घोडी सकाळी तीन पायांवर: परत परत येणाऱ्या लंगडण्याचा माग

संध्याकाळी सहाला मी माझ्या घोडीला, हरणीला, खरारा केला, दाण्याची चंदी दिली, चारी खूर उचलून साफ केले, सगळं ठीक होतं. सकाळी साडेपाचला तबेल्यात गेलो तर ती कोपऱ्यात तोंड करून उभी, पुढचा डावा पाय फक्त टोकावर टेकवलेला, मानेवर आणि काखेत घाम, रात्रीचा कडबा तसाच पडलेला. लगाम धरून पुढे घ्यायला गेलो तर तीन पायांवर उडी मारून एक पाऊल आली आणि थांबली. जखम नाही, रक्त नाही, दोरीत पाय अडकल्याची खूण नाही, सूजसुद्धा नाही. काळजात धस्स झालं, कारण असा उचललेला पाय बघितला की पहिला विचार एकच येतो, हाड मोडलं.

हाड मोडलं नव्हतं. पण हेच दुखणं सव्वा वर्षात चार वेळा आलं, त्याच पायाला. पहिल्या तीन वेळा मी फक्त दुखणं घालवत बसलो, ते येतंय कुठून हे बघितलंच नाही आणि ते सगळं त्या मुक्या जनावराने सोसलं. म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांच्याकडे घोडा आहे, मग तो माथेरान महाबळेश्वरला पर्यटकांसाठी असो, लग्नाच्या वरातीचा असो नाहीतर हौसेने सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला असो, त्यांनी हे एकदा वाचून ठेवा, कारण सकाळी घाबरलेल्या डोक्याने काहीच सुचत नाही.

पहिली वेळ ऑगस्टच्या शेवटची, गणपती तोंडावर आलेले. पावसाळ्यात आम्ही घोडे माथेरानहून खाली आणतो, नेरळच्या बाजूला नातेवाइकांकडे बांधतो, वर पाऊस आणि धुकं एवढं असतं की धंदाही नसतो आणि घोड्याला सुकी जागाही नसते. त्या सकाळी अर्ध्या तासात दहा माणसं जमली आणि दहा निदानं झाली. तात्या म्हणाले, "खांदा उतरलाय रे तिचा, डाग दे." शेजारचा म्हणाला भातखाचरात साप चावला असणार. आईने मीठमिरच्या ओवाळून टाकल्या, त्याने कुणाचं नुकसान होत नाही. पण एकजण बिब्बा घेऊन आला खांद्याला लावायला आणि तेव्हा मी आडवा गेलो. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि वेदना मुळात खांद्यात नसेल तर एका दुखण्याची दोन होतात. डाग द्यायचंही तेच. आपल्याकडे घोडा पुढून लंगडला की सगळे खांद्याकडे बोट दाखवतात, कारण चालताना तो खांदा आखडून घेतो ते डोळ्याला दिसतं. पण पुढच्या पायाचं लंगडणं बहुतेक वेळा खालून येतं, आणि एका रात्रीत, बाहेर काही न दिसता, एवढं जोरात आलं असेल तर पहिला संशय खुरावरच घ्यायचा.

आता बघायचं कसं ते सांगतो. मी याच क्रमाने बघतो आणि हे सगळं वीस मिनिटांत होतं.

आधी घोड्याला हलवू नका, आहे तिथेच उभा राहू दे, पाणी समोर ठेवा. मग ताप. थर्मामीटर साधा माणसांचा डिजिटल चालतो, थोडं खोबरेल लावून गुदद्वारात कडेला टेकवून धरायचा, मागे सरळ उभं न राहता बाजूला उभं राहून. शांत उभ्या घोड्याचा ताप ९९ ते १०१.५ फॅरनहाइटच्या आत असतो, हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६. हरणीचा ताप १०१ होता आणि ठोके ६०, म्हणजे आजारपण कमी आणि वेदना जास्त. हे आकडे कागदावर लिहा, डॉक्टरला फोन कराल तेव्हा "लय दुखतंय हो" यापेक्षा हे आकडे शंभर पटीने कामाला येतात.

मग पाय. खांद्यापासून खाली हात फिरवत यायचं, आणि प्रत्येक जागा दुसऱ्या पायाशी ताडून बघायची, कारण एकट्या पायावरून काही कळत नाही. हाडावर गाठ, वाकडेपणा, हात लावल्यावर करकर, लोंबता पाय, यातलं काहीही वाटलं तर तिथेच थांबा, एक पाऊलसुद्धा चालवू नका, डॉक्टर येईपर्यंत कुणालाही ओढाताण करू देऊ नका. तसं काही नसेल तर खुराच्या वरच्या पहिल्या सांध्यापाशी या, आम्ही घोटा म्हणतो. त्याच्या मागच्या बाजूला दोन्ही कडांना बोट हलकंच सरकवलं की दोरीसारखी शीर बोटाखाली घरंगळते. चांगल्या पायात तिथले ठोके शोधावे लागतात, कधी सापडतच नाहीत. हरणीच्या डाव्या पायात बोट ठेवताक्षणी ठणठण लागले, घड्याळाच्या टोल्यासारखे, आणि खुरावर तळहात ठेवला तर उजव्यापेक्षा गरम. शिरेचा ठणका आणि गरम खूर ही जोडी मिळाली की खुराच्या आत काहीतरी पेटलंय हे नक्की समजा. हात बसायला सराव लागतो, त्यामुळे घोडा ठणठणीत असताना रोज एकदा तिथे बोट ठेवायची सवय करा, मी आता खरारा करतानाच चारी पाय बघून घेतो.

लंगडणं कमी असेल आणि पाय कुठला तेच कळत नसेल तर घोड्याला सपाट जागेवर सावकाश चालवून डोक्याकडे बघा, दुखरा पुढचा पाय टेकला की डोकं वर जातं आणि चांगला टेकला की खाली येतं. पण घोडा पाय टाकतच नसेल तर ही परीक्षा करायची नाही.

शेवटी खूर उचलून तळवा ब्रशने पाण्याने धुवा, नुसता हूक फिरवून भागत नाही. खिळा, काच, पत्र्याचा तुकडा, काळा ठिपका, फट. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. खिळा घुसलेला दिसला आणि तो मधल्या त्रिकोणी मऊ गादीत किंवा तिच्या बाजूच्या खाचेत असेल तर घाईने उपटून फेकू नका. तिथून थोडंच आत सांध्याची आणि स्नायूच्या दोरीची पिशवी असते, खिळा तिथवर गेला असेल तर घोड्याचा जीव जाऊ शकतो आणि किती खोल, कुठल्या कोनात गेलाय हे खिळा जागेवर असतानाच एक्स-रेत कळतं. पाय टेकून तो आणखी आत जाणार असेल आणि काढावाच लागला तर आधी मोबाईलवर फोटो काढा, भोकाभोवती पेनाने गोल करा, खिळा जपून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर.

खुरातलं नसून दुसरंच काही असण्याची शक्यता पण डोक्यात ठेवा. पुढचे दोन्ही पाय दुखत असतील, घोडा मागे रेलून पुढचे पाय लांब टाकून उभा असेल, आणि आदल्या दिवशी धान्याच्या पोत्यात तोंड घातलं असेल तर ते वेगळं, खुराच्या आतले पापुद्रे सुजतात आणि त्यात एकेक तास महत्त्वाचा असतो. चार दिवस बांधून ठेवून चंदी मात्र पूर्ण दिली आणि मग एकदम कामाला काढलं, नि घोडा वाटेत आखडला, पुठ्ठे दगडासारखे झाले, लघवी काळ्या कॉफीसारखी आली, तर ते स्नायूंचं आहे, तिथून एक पाऊल चालवत घरी आणायचा नाही. अंग ताठ, शेपूट उचललेली, डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा पुढे येतोय, आवाजाला दचकतोय तर धनुर्वात. पायावर माळेसारख्या गाठी आणि त्या फुटून चिकट पाणी, नाकातून शेंबूड, ताप, हे दिसलं तर घोडा वेगळा बांधा, हातमोजे घाला आणि लगेच सरकारी दवाखान्याला कळवा, तो ग्लँडर्स असू शकतो, माणसालाही होतो आणि कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

हरणीच्या खुरात मला त्या दिवशी काहीच दिसलं नाही. मग मी तेच केलं जे पुष्कळ जण करतात, ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून दुखण्याचं इंजेक्शन आणलं, एकाने दिलं, घोडी दुपारपर्यंत पाय टेकायला लागली आणि आम्ही सगळे म्हणालो मुरगळला होता. इंजेक्शन उतरलं की परत तसंच. असे नऊ दिवस गेले. नवव्या दिवशी खुराच्या वर, जिथे खूर संपून केस सुरू होतात त्या कडेवर, बोटाच्या पेराएवढी जागा मऊ पडली, फुटली आणि राखाडी काळा घाण वासाचा पू वाहिला. दुसऱ्या दिवशी घोडी चालायला लागली आणि मी देवाला नारळ फोडला.

ते खुरातलं गळू होतं. खूर म्हणजे कडक डबी, आत पू धरला तर फुगायला जागा नाही, म्हणून चिमूटभर पू पण घोड्याला तीन पायांवर आणतो. खालून वाट मिळाली नाही की तो खुराच्या भिंतीच्या, म्हणजे बाहेरच्या कडक कवचाच्या, आतून वर सरकत जातो आणि आठवड्या दोन आठवड्यांनी केसांच्या कडेला फुटतो. माझ्या घोडीने नऊ दिवस ती वेदना उभ्याने काढली आणि इंजेक्शनामुळे आम्हाला ती दिसलीच नाही. वेदनेचं औषध वाईट नाही, पण ते डॉक्टरने बघितल्यावर, त्याने सांगितलेलं आणि तेवढंच. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून टोचणारे अजून भेटतात, ते जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे कारण ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात, आपल्याकडची गिधाडं बहुतेक त्यानेच संपली.

दुसरी वेळ जानेवारीत, वर माथेरानला. या वेळी मी शहाणा झालो होतो, सरळ नालबंद चाचांना बोलावलं. त्यांनी नाल काढली, मोठ्या चिमट्याने तळवा इंचाइंचाने दाबत गेले आणि बाहेरच्या बाजूला, नालेच्या दुसऱ्या खिळ्याच्या पुढे दाबल्याबरोबर हरणीने पाय झटकून घेतला. परत दाबलं, परत झटकला. चाचा म्हणाले, "बेटा, इथेच आहे." सुरीने पांढऱ्या रेघेत, म्हणजे भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे, एक काळा डाग होता तो कोरत कोरत आत गेले आणि अचानक सुईएवढ्या भोकातून काळं पाणी बाहेर आलं, फुसकन, दाबाने, आणि असा वास की बाजूची पोरं मागे सरकली. हरणीने मोठा श्वास सोडला आणि दोन मिनिटांत तो पाय जमिनीवर पूर्ण टेकवला. तो क्षण मी विसरणार नाही. पण घरच्या घरी सुरी घेऊन तळवा कोरत बसू नका. रक्त आलं म्हणजे जास्त खोल गेलात, आणि मोठा खड्डा पडला तर आतलं जिवंत मांस त्यातून बाहेर यायला बघतं, ते भरायला महिने जातात. भोक छोटंच हवं, पू वाहील एवढं. हे काम डॉक्टरचं किंवा जाणत्या नालबंदाचं.

पू निघाल्यावरचं सगळं आपल्या हातात आहे आणि इथेच लोक आळस करतात. बादलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी, त्यात दोन वाट्या एप्सम सॉल्ट, मेडिकलवाला त्याला मॅगसल्फ म्हणतो, खूर वीस मिनिटं बुडवून ठेवायचा, दिवसातून दोनदा, दोन तीन दिवस. त्याहून जास्त नाही, नाहीतर खूर भिजून मऊ पडतो. मग कोरडा पुसून त्याच मिठाचा ग्लिसरीनमधला लगदा लावून वर लहान मुलांचं डायपर गुंडाळायचं, ते खुराला फार छान बसतं, त्यावर क्रेप बँडेज आणि त्यावर रुंद चंदेरी टेप आडवीउभी, तळाला गाडीच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. टेप केसांच्या कडेच्या वर आवळून नेऊ नका, रक्त अडतं. डायपर रोज बदलायचं आणि काढलेलं नाकाशी धरून बघायचं, वास कमी होतोय का, डाग सुकतोय का. पू थांबला की पोव्हिडोन आयोडीनचा बोळा भोकात, आणि तळवा कडक होईपर्यंत कोरड्या जागी बांधून ठेवायचं.

धनुर्वाताचं इंजेक्शन विसरायचं नाही. घोड्याला धनुर्वात इतर जनावरांपेक्षा लवकर धरतो, त्याचे जंतू मातीत आणि लिदीतच असतात, आणि खुरातली बंद, हवा नसलेली जखम ही त्यांची आवडती जागा. आधीचं लसीकरण कधी झालंय ते डॉक्टरला सांगा, काय द्यायचं ते त्यावर ठरतं. अँटिबायोटिकचा मात्र हट्ट धरू नका, वाट मोकळी असेल आणि ताप नसेल तर बहुतेक वेळा लागत नाही, आणि वाट बंद असेल तर नुसत्या अँटिबायोटिकने गळू दबतं आणि लांबतं.

आणि घोडा बांधलेला आहे तोवर चंदी कमी करा. हरभरा, भरडा अर्ध्याहून खाली, कडबा आणि सुकं गवत भरपूर. काम नाही आणि धान्य पूर्ण, यातून वर सांगितलेली दोन्ही मोठी दुखणी येतात. दुसरा पायपण रोज बघा, सगळं वजन त्याच्यावर असतं, खाली जाड भुसा किंवा पेंढा टाका. पू निघाल्यावर एका दिवसात मोठा फरक दिसायलाच हवा. दोन तीन दिवसांत नाही दिसला तर समजा अजून एक कप्पा आहे किंवा निदान चुकलंय, वाट बघत बसू नका.

दुसऱ्या वेळेला घोडी पाचव्या दिवशी चालली, दोन आठवड्यांनी कामाला लागली, मी निश्चिंत. जूनमध्ये तिसरी वेळ, चाचांनी परत काढलं, बरी झाली. दिवाळीच्या सुट्टीत, वर्षातल्या सगळ्यात कमाईच्या आठवड्यात, चौथी वेळ. त्या दिवशी मी तबेल्याच्या उंबऱ्यावर बसून रडलो, पैशासाठी नाही, ती माझ्याकडे मान वळवून बघत होती आणि मला काहीच कळत नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, चार वेळा एकाच पायाला कसं? बाकीच्या तीन पायांना का नाही?"

डॉक्टर मॅडम दस्तुरी नाक्यावर गाडी लावून वर चालत आल्या, माथेरानला खासगी गाडी त्याच्या पुढे येत नाही हे सगळ्यांना माहितीय, येताना सामानाची पेटी स्वतः उचलून. पू काढून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "दादा, पू दर वेळी काढलात हे चांगलं केलंत, पण तो आत शिरतोय कुठून ते बघितलंत का?" आणि मग तारखा विचारल्या. गळू कधी, कुठे, नाल कधी बदलली होती. मला एकाही तारखेचं नीट उत्तर देता येईना. चाचांच्या वहीत होत्या. आम्ही ती वही घेऊन बसलो आणि तिथे सगळं दिसलं.

चारही वेळा गळू नाल बदलून दोन महिन्यांच्या पुढे गेल्यावर आलेलं होतं. पावसाळ्यात धंदा नाही म्हणून मी नाल बदलणं लांबवायचो, सीझनमध्ये वेळ नाही म्हणून लांबवायचो, आठ आठवडे, दहा आठवडे. आणि नंतरच्या तिन्ही वेळा जागा एकच, बाहेरच्या बाजूला, पांढऱ्या रेघेत, दोन बोटांच्या पट्ट्यात.

एक्स-रे काढायचं ठरलं. सहा दिवसांनी हरणी नीट चालायला लागल्यावर तिला सावकाश दस्तुरीपर्यंत आणली, टेम्पोत चढवली आणि एक्स-रे असलेल्या ठिकाणी नेली. परत परत येणाऱ्या गळूला एक्स-रे काढाच, हे मी हात जोडून सांगतो, चार वेळा घोडा बसून राहिला त्यात गेलेल्या पैशापेक्षा तो स्वस्त पडतो. त्यात मॅडम तीन गोष्टी शोधत होत्या: खुरातल्या हाडाला संसर्ग होऊन तुकडा सुटलाय का, भिंतीच्या आत शिंगासारखी गाठ वाढतेय का, आणि हाड खाली फिरलंय का. यातलं काही असतं तर ऑपरेशन किंवा वेगळी ट्रीटमेंट लागली असती. घोडा म्हातारा असेल आणि उन्हाळ्यातसुद्धा अंगावरचे लांब केस जात नसतील तर डोक्यातल्या ग्रंथीचा आजार असतो, त्यातही खुरात गळवं वारंवार होतात, त्याची रक्ततपासणी होते. हरणी अकरा वर्षांची, तसं काही नव्हतं. हाड स्वच्छ होतं. पण भिंत आणि आतला भाग यांच्यामध्ये खालून वर जाणारी एक काळी फट दिसत होती, साधारण तीन सेंटीमीटर, हवेची. वरून खूर अखंड, आतून पोकळ.

हे असं होतं. नाल बदलणं लांबलं की खुराचा पुढचा भाग वाढतो, लांब होतो, आणि प्रत्येक पावलाला तो भिंतीला बाहेर उचकटतो, डब्याचं झाकण चमच्याने उचकटावं तसा. पांढरी रेघ ताणली जाते, पावसाळ्यात भिजून फुगते, ऑक्टोबरच्या उन्हात सुकून तडकते. त्या तडीत आमच्या माथेरानची लाल माती आणि जांभ्याची बारीक खडी शिरते, वर पॅक होते, आत हवा नाही, आणि तिथे जंतू शिंग, म्हणजे खुराचा कडक भाग, खात वर सरकतात. त्यात नालेचे खिळे त्याच कमजोर पट्ट्यातून जात होते. आम्ही दर वेळी गळू फोडायचो, वरचं भोक भरायचं, आतली पोकळी तशीच. चाचांची चूक म्हणणार नाही, त्यांना मी दर वेळी "पू काढा" एवढंच सांगितलं होतं.

उपाय बघायला भयंकर वाटतो पण घोड्याला दुखत नाही. सुटलेली भिंत बाहेरून कापून टाकली, पोकळी संपून घट्ट जुळलेलं शिंग लागेपर्यंत, म्हणजे खुराच्या कडेला जवळपास दोन बोटं रुंद तुकडाच नाही. आत खडूसारखा भुरभुरीत पांढरा भुसा निघाला, चमच्याने खरवडून काढला. ते मेलेलं शिंग, नखासारखं, रक्त नाही. हवा लागली की ते जंतू वाढत नाहीत, म्हणून ती जागा लगेच बुजवायची नाही, उघडीच ठेवायची. रोज ताठ ब्रशने घासून पोव्हिडोन आयोडीन, कोरडी जागा, आणि चाचांनी मागून जोडलेली बंद नाल बसवली, खिळे त्या बाजूला एकही न मारता.

मग वाट बघणं. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो, वरून खाली, पुढचा पूर्ण खूर नवा व्हायला वर्षभर लागतं. आमची फट तीन सेंटीमीटर, म्हणजे चार महिने. नोव्हेंबरच्या शेवटाला कापलं, मार्चच्या शेवटाला ती कड जमिनीला लागली. मधले तीन महिने तिला धंद्याला काढली नाही, मग एक महिना रोज अर्धा तास नुसतं मऊ रस्त्यावर हाताने चालवायचं. तेवढा काळ घर दुसऱ्या घोड्यावर चाललं, ओढाताण झाली, खोटं कशाला बोलू.

आता नाल सहा आठवड्यांनी बदलायची म्हणजे बदलायचीच, पाऊस असो की सीझन. भिंतीवर कॅलेंडर टांगलंय, नालेचा दिवस लाल, कुठलंही लंगडणं निळं, आणि प्रत्येक वेळी तळव्याचा फोटो, बाजूला तारीख लिहिलेला कागद धरून. खाली गावात बांधायच्या जागेला जांभ्याचे चिरे लावून चार इंच उंच केली, पाणी साचत नाही. पावसाळ्यात रोज संध्याकाळी खूर धुवून पुसून मगच पेंढ्यावर. तेल फासणं बंद केलं, ओल्या खुरावर तेल चोपडलं की ओल आतच राहते. वर ज्या रस्त्यांवर ब्लॉक बसवलेत तिथे मी तिला पळवत नाही, घसरतं आणि खुराला हादरे बसतात.

जवळ घोड्याचा डॉक्टर नसेल तर १९६२ या नंबरवर पशुसंवर्धन विभागाची फिरती गाडी मागवता येते, ती पहिल्या तपासणीला आणि इंजेक्शनला. एक्स-रे आणि सर्जनसाठी परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्याच्या बाजूच्या लोकांना शिरवळचं कॉलेज आहे, जायच्या आधी फोन करून मोठ्या जनावरांची वेळ विचारा, दुखऱ्या घोड्याला टेम्पोत उगाच ताटकळत ठेवू नका. आणि टेम्पोत चढवताना फळीवर गोणपाट टाका, तीन पायांवरचा घोडा लाकडावर घसरतो.

परवा हरणीची नाल बदलली. चाचांनी डावा पाय मांडीवर घेतला, कानस मारली आणि मला वाकून बघायला सांगितलं. पांढरी रेघ सगळीकडे सारखी, भाताच्या दाण्याएवढी जाड, बाहेरच्या बाजूला फक्त एका जागी मोहरीएवढा काळा ठिपका. सुरीच्या टोकाने उकरला, माती निघाली, खाली घट्ट शिंग. फोटो काढून ठेवलाय, पुढच्या नालेला तीच जागा पहिली बघणार.